लग्नाचा हिशेब कुठून सुरू करायचा?

लग्नावर किती खर्च करावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा खर्च झाल्यावर विचारला जातो. मंडपवाला, आचारी आणि सोनार यांची देणी समोर आली की घरातले वडीलधारे म्हणतात, "जरा जास्तच झालं." लग्नाआधी आकडा कोणी ठरवत नाही, तो आपोआप ठरतो. पाहुण्यांची यादी, गेल्या वर्षी गल्लीत झालेलं लग्न, मुलाकडच्यांनी मध्यस्थामार्फत धाडलेला निरोप, यांतून तो तयार होतो.

सध्या आमच्या जमातीत एका ठरावाची चर्चा आहे. निकाह मशिदीत व्हावा, जेवणात एकच पदार्थ असावा, डीजे बंद, आणि जो ऐकणार नाही त्याच्या घरी निकाह पढवायला काझी जाणार नाही. ठरावाच्या बाजूचे म्हणतात, इस्लाममध्ये साधेपणा आहे. विरोधातले म्हणतात, ज्याला अल्लाहने दिलं त्याने खर्च केला तर बिघडलं कुठे? आपल्या बादशहांनी काय कमी खर्च केले? दोन्ही बाजू इतिहासाच्या नावाने बोलतात, म्हणून तो इतिहास एकदा नीट पाहावा असं मला वाटलं.

सुरुवात मदिनेपासून. हजरत अली (रजि.) आणि हजरत फातिमा (रजि.) यांच्या निकाहच्या वेळी अलींच्या हाती पैसा नव्हता. प्रेषितांनी (स.) त्यांना त्यांच्या चिलखताची आठवण करून दिली आणि ते मेहर म्हणून द्यायला सांगितलं. फातिमांबरोबर दिलेल्या वस्तूंची नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे: एक जाड वस्त्र, पाण्याची एक मशक आणि गवत भरलेली एक उशी. आज 'जहेज-ए-फातिमी' असं नाव देऊन याच तीन वस्तूंच्या आधारावर कपाट, पलंग आणि मोटारसायकल मागितली जाते. पण अली लहानपणापासून प्रेषितांच्याच घरात वाढले होते. म्हणजे एका अर्थाने मुलाकडचे वडीलधारेही तेच होते. नव्या घराला लागणाऱ्या चार वस्तू त्यांनी दिल्या. वधूपित्याने वराच्या घरात माल भरावा, असा नियम त्यातून निघत नाही.

वलीम्याचंही तसंच. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी निकाह केल्याचं कळल्यावर प्रेषितांनी त्यांना निदान एका बकरीचा तरी वलीमा करायला सांगितलं. स्वतःच्या एका वलीम्यात त्यांनी खजूर, पनीर आणि तूप एवढंच वाढलं. ज्या वलीम्याला श्रीमंत बोलावले जातात आणि गरीब वगळले जातात, त्या जेवणाला हदीसमध्ये सगळ्यात वाईट जेवण म्हटलं आहे. या सगळ्या दाखल्यांत पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते पाहा. मेहर वराकडून वधूला, वलीमा वराकडून लोकांना. वधूच्या बापाचा रकाना जवळपास रिकामा आहे. साधेपणाइतकीच ही दिशा महत्त्वाची आहे, आणि आपल्या चर्चेत नेमकी तीच हरवते.

खर्चाला मर्यादा घालण्याचा विचारही फार जुना आहे. हजरत उमर (रजि.) खलिफा असताना लोकांनी मेहरच्या रकमा फार वाढवू नयेत, असं त्यांनी मिंबरवरून सांगितलं. प्रेषितांनी आपल्या पत्नींना साधारण 500 दिरहम मेहर दिला होता, हा त्यांच्या बोलण्याचा आधार होता. पुढची हकीकत पुष्कळ तफसीर ग्रंथांत येते. एका कुरैशी स्त्रीने त्यांना अडवलं आणि सूरह निसाच्या विसाव्या आयतीची आठवण करून दिली. तिथे पत्नीला ढीगभर संपत्ती दिली असली तरी त्यातलं काही परत घेऊ नये, असा आदेश आहे. तेव्हा उमरांनी आपलं म्हणणं मागे घेतलं. काही हदीस अभ्यासक या हकीकतीची सनद कमजोर मानतात. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ती सांगितली गेली, कारण तिच्यात एक शहाणपण आहे: काटकसर करायचीच तर बाईच्या हक्कापासून सुरू करू नये.

आपण नेमकं उलटं केलं. आपल्याकडच्या उलेमांच्या हिशेबाप्रमाणे 500 दिरहम म्हणजे 131 तोळे 3 मासे चांदी. आजच्या भावाने ती रक्कम लाखाच्या पुढे जाते. पण सुन्नतचं नाव घेऊन आपण मेहर लावतो 786 रुपये, नाहीतर सव्वाशे, आणि तोही पुष्कळदा उधार. ज्या लग्नात हॉलचं भाडं लाखात असतं, तिथे साधेपणा आठवतो तो फक्त मेहर लिहिताना.

आता बादशहांकडे येऊ. दारा शिकोह आणि नादिरा बानू यांचा विवाह फेब्रुवारी 1633 मध्ये आग्र्याला झाला. खर्च 32 लाख रुपये, त्यातले 16 लाख बहीण जहानआराने दिले. लग्नाची तयारी मुमताजमहलने हयातीत सुरू केली होती, पण जून 1631 मध्ये बुऱ्हाणपूरला तिचा मृत्यू झाला आणि लग्न लांबलं. याच काळात, 1630 ते 1632, गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. त्याने लंगर उघडले, आणि दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवडे गरिबांना वाटप केलं, असं दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी 'पादशाहनामा'त नोंदवतो. एकूण एक लाख रुपये. न्यायाने सांगायचं तर शेतसाऱ्यात सुमारे 70 लाखांची सूटही दिल्याची नोंद आहे. पण ओस पडलेल्या गावांतून सारा वसूल तरी कसा होणार होता? लंगरचा खर्च वेगळा धरला तरी बुऱ्हाणपुरात भुकेल्यांच्या हातात पडलेले एक लाख आणि वर्षभरात एका लग्नात गेलेले 32 लाख, हे आकडे शेजारी ठेवल्यावर बादशहांचा दाखला कितपत द्यावा हे ज्याने त्याने ठरवावं.

यावर कोणी म्हणेल, गरिबांनी तरी लग्नात कर्ज कशाला काढावं? तिथेही इतिहास थोडा वेगळा आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. रयत कर्जबाजारी का झाली, याचं साहेबांच्या तोंडी ठरलेलं उत्तर होतं: लग्नातली उधळपट्टी. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र लिहिलं की या कारणाला उगाच फार महत्त्व दिलं गेलं आहे. लग्नखर्च कुणब्याच्या हिशेबात मोठा असतो, पण कर्जाचं मूळ क्वचितच तिथे असतं. आयोगाने साऱ्याला दोष न देता सावकाराला दिला, ही गोष्ट वेगळी. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, कापसाचे भाव कोसळले, सारा वाढला आणि व्याजावर व्याज चढत गेलं, हे पुढच्या इतिहासकारांनी दाखवून दिलं. म्हणून कर्जात बुडालेल्या माणसाला "लग्नात उडवलंस" असं म्हणण्याआधी मी दोनदा विचार करतो. दवाखाना, शिक्षण, बंद पडलेलं दुकान यांची कर्जं आधीची असतात. लग्न त्यांच्यावर येऊन बसतं.

त्याच काळात पुण्यात महात्मा फुले वेगळा प्रश्न विचारत होते: लग्नातला पैसा जातो कोणाकडे? सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधकी विवाह लागला, भटजीशिवाय, अगदी थोड्या खर्चात. विधी आणि त्यांची दक्षिणा गेली की अर्धा खर्च आपोआप जातो, हे त्यांना दिसलं होतं. लोकांना नुसता उपदेश न करता त्यांनी दुसऱ्या पद्धतीने लग्न लावून दाखवलं.

उत्तर हिंदुस्थानात मौलाना अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'बहिश्ती जेवर'मध्ये लग्नातल्या रसमा एकेक करून तपासल्या. त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही. पण 'न्योता' या प्रथेवरचं त्यांचं विवेचन आजही लागू पडतं. न्योता म्हणजे आपला आहेर. परत येणार या हिशेबाने दिलेली रक्कम ही भेट नसून कर्ज आहे, आणि कर्जाचे सगळे नियम तिला लागतात, असं ते म्हणतात. आपल्याकडे आहेराची वही जपून ठेवतात. कोणाचे पाचशे आले, कोणाचे हजार, हे त्यात असतं. पाचशेंना बोलावण्यामागे अनेकदा हौस नसते. ज्यांच्या घरी आपण जेवून आलो, त्यांना वगळता येत नाही. एकट्या घराने ठरवून खर्च कमी होत नाही तो यामुळे. म्हणून जमातीने मिळून ठरवणं मला चुकीचं वाटत नाही.

कायद्याने हे साधलेलं नाही. 1961 चा हुंडाबंदी कायदा मेहरला हुंडा मानत नाही, हे योग्यच. पण हुंडा त्याने थांबला नाही. पाकिस्तानात 1997 मध्ये लग्नातल्या जेवणावरच बंदी आली, आणि 2016 मध्ये पंजाब प्रांताला पुन्हा एका पदार्थाचा कायदा करावा लागला. आपल्या लोकसभेत 2017 मध्ये पाच लाखांवर खर्च करणाऱ्याने दहा टक्के रक्कम गरीब मुलींच्या लग्नासाठी द्यावी, असं खासगी विधेयक आलं आणि तिथेच राहिलं.

म्हणून आमच्या ठरावाला माझा पाठिंबा आहे, पण आहे तसा नाही. त्यात बिर्याणीवर कलम आहे, मेहरवर एक शब्द नाही. डीजे आहे, जहेज नाही. शिक्षा म्हणून काझी न पाठवणं तर वधूलाच भोवेल, जिला खर्च ठरवताना कोणी विचारलेलंही नसतं. शिवाय ज्याची ऐपत आहे तो शहरातला हॉल घेईल आणि बाहेरचा काझी आणेल. नियम अडवेल तो फक्त मोहल्ल्यात मांडव घालणाऱ्याला.

येत्या बैठकीत मी चार दुरुस्त्या मांडणार आहे. हिशेबाची पहिली ओळ मेहरची असावी: रक्कम वराच्या कमाईला साजेशी असावी, निकाहच्या वेळी रोख द्यावी आणि तशी नोंद निकाहनाम्यात व्हावी. मुलीकडचं जेवण बंद करावं, वराने झेपेल तेवढा वलीमा करावा. जहेजची यादी वाचून दाखवण्याची आणि सामान मांडून ठेवण्याची पद्धत बंद व्हावी. जमातीची भांडी आणि जमातखाना सगळ्यांना विनाभाडं मिळावा, म्हणजे साधं लग्न करणाऱ्याला आपण कमी पडलो असं वाटणार नाही. काझी न पाठवण्याचं कलम मात्र काढून टाकावं. मेहर लिहिताना आकडा कोणी मागितला आणि कोणी गप्प राहिलं, हे काझीइतकं जवळून दुसरं कोणी पाहत नाही. त्यामुळे त्याने प्रत्येक लग्नात हजर असणंच बरं.