युद्धनौकेचा बाक

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या बागेत ऊनपावसाने राखाडी पडलेला, कडांना शेवाळ धरलेला सागवानी बाक आढळतो. पाठीच्या आडव्या फळीवर बोटभर लांबीची एक पट्टी असते आणि तिच्यावर नाव असते ते सुताराचे नव्हे, तर एका युद्धनौकेचे. असा बाक दुरुस्तीला आला की पहिला प्रश्न उभा राहतो : तो नव्यासारखा करायचा की जुनाच ठेवायचा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी जहाजे आली आणि ब्रिटिश नौदलाचा लाकडी ताफा निकामी ठरू लागला. त्या नौका मोडण्याचा धंदा करणारे कॅसल हे घराणे होते. लंडनमध्ये टेम्सकाठी मिलबँक येथे त्यांची वखार होती आणि तिच्या दारात मोडलेल्या जहाजांच्या नाळेवरील भव्य लाकडी पुतळे उभे असत. निघालेले लाकूड काही सरपणाला, काही बांधकामाला जाई. उत्तम सागवानापासून मात्र बागेसाठी बाक, खुर्च्या, टेबले घडवली जात. जे लाकूड कित्येक दशके समुद्राला पुरून उरले, त्याला लंडनच्या पावसाची काय तमा! विकण्यासाठी एवढे पुरेसे होते. १९२४ साली लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या ‘लिबर्टी’ या प्रसिद्ध दुकानाच्या इमारतीतही ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या दोन नौकांचे लाकूड आहे.

सागवानाचा हा टिकाऊपणा त्याच्या अंगच्या तेलात आहे. ओक लाकडातील तुरट द्रव्य लोखंडाला खाते, खिळे गंजतात आणि भोवतालचे लाकूड काळे पडून कुजते. सागवानात हे सहसा होत नाही. म्हणूनच १८६० साली पाण्यात उतरलेल्या ‘वॉरियर’ या चिलखती नौकेवर साडेचार इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यामागे १८ इंच सागवान बसवलेले होते. लाकडाचे युग संपवणाऱ्या जहाजालाही आधार सागवानाचाच!

हे लाकूड येत होते कोठून? बराच काळ मलबारच्या जंगलांतून. त्यापासून जहाजे बांधणारी नामांकित गोदी होती मुंबईची. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३), ‘वेलस्ली’ (१८१५), ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) आणि ‘गँजेस’ (१८२१) या नौका येथेच घडल्या. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वरच झाला. ‘गँजेस’ १९३० साली मोडली गेली, पण तिच्या कप्तानाची खोली डेव्हनच्या किनाऱ्याजवळील बर्ग बेटावरच्या हॉटेलात आजही जोडलेली आहे. अर्थात, पट्टीवर युद्धनौकेचे नाव आहे म्हणून लाकूड मुंबईच्या गोदीतले, असे मानणे घाईचे ठरेल. ब्रिटनमध्ये बांधलेल्या नौकांतही सागवान वापरले जाई आणि पुढे ब्रह्मदेशातील मोलमीनहून त्याचा मोठा पुरवठा होऊ लागला.

जंगलांनी याची किंमत मोजली. नौदलाला सागवान कमी पडू नये म्हणून १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. नावात ‘संरक्षण’ असले, तरी हेतू पुरवठ्याचा होता. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांना निलंबूर येथे सागाची लागवड सुरू करावी लागली, यावरून रानातील साठा किती आटला होता ते कळते.

आता पुन्हा त्या बाकाकडे. राखाडी रंग म्हणजे कूज नव्हे. उन्हाने लाकडातील तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य फुटते, पाऊस ते धुऊन नेतो आणि उरतो तो रुपेरी थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या अंशाइतकीच. आतले लाकूड बहुधा ठणठणीत असते. खरी हानी होते ती उत्साही दुरुस्तीने. पाण्याचा जोरदार फवारा रेषांमधला मऊ भाग उपसून काढतो. घासण्याचे यंत्र सोनेरी रंग परत आणते खरे, पण जहाजातल्या जुन्या खिळ्यांची बुजवलेली भोके, बोल्टांच्या खुणा, कडांवरची झीज, हे सारे भुशासोबत जाते. मग उरतो तो केवळ एक चांगला सागवानी बाक.

जाणकार कारागीर म्हणूनच हात आखडता घेतो. मऊ ब्रश, साबणाचे कोमट पाणी, रेषांच्या दिशेने हलका हात. काळे डाग फारच असतील, तर तेवढ्याच जागी ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण आणि नंतर भरपूर पाणी. जमिनीला टेकून कुजलेला पाय असेल, तर कुजलेला भाग तेवढा कापून जुन्याच सागवानाचा तुकडा सांधायचा. लोखंडी स्क्रूऐवजी पितळी. बाजारात ‘टीक ऑइल’ म्हणून मिळते, ते सागाचे तेल नसते. बहुतेकदा जवसाच्या किंवा तशाच तेलाचे मिश्रण असते. बाहेर ठेवलेल्या बाकाला ते दिले की काही महिन्यांत बुरशीचे काळे ठिपके उमटू शकतात.

पट्टीला मात्र हात लावायचा नाही. ती घासून चकचकीत केली की आधी अक्षरे झिजतात आणि नौकेचे नाव जाते.