जुहूचा चिखल आणि टपालाचें विमान

सन १९३२ च्या सप्टेंबरची १५ तारीख कराची-मद्रास हवाई टपालाच्या शुभारंभासाठीं मुक्रर झाली होती. परंतु त्या दिवशीं विमान उडालें नाहीं. मुंबईचा विमानतळ म्हणजे जुहूच्या किनाऱ्यालगतचें सखल मैदान. तें पावसाच्या पाण्यानें भरून गेलें आणि मुहूर्त महिनाभर पुढें ढकलावा लागला. टाटांच्या विमानसेवेचा इतिहास असा खोळंब्यापासूनच सुरू होतो.

इंपीरियल एअरवेजचीं विमानें १९२९ पासून विलायतेचें टपाल कराचीस आणूं लागलीं होतीं. तेथून पुढें मात्र त्याला आगगाडीचीच गति होती. पूर्वीं ब्रिटिश वायुदलांत असलेले नेव्हिल व्हिंटसेंट यांना ही उणीव भरून काढण्याची कल्पना सुचली व जे. आर. डी. टाटा यांनीं ती उचलून धरली. सरकारनें दहा वर्षांचा करार केला. अर्थसाहाय्य मात्र दिलें नाहीं. त्यामुळें एखादी खेप चुकली तर तिची झीज कंपनीनेंच सोसावयाची.

आणि कंपनीचा पसारा तरी केवढा! दोन ‘पस मॉथ’ विमानें, प्रत्येकीं एकच इंजिन. पगारी वैमानिक एक, अर्धवेळ काम करणारा इंजिनियर एक, दोन उमेदवार मेकॅनिक आणि जुहूस झावळ्यांनीं शाकारलेली एक शेड. बिनतारी संदेशाची सोय नाहीं, रात्रीं उतरण्यास दिवे नाहींत. एका विमानाचें इंजिन दुरुस्तीसाठीं उघडलें, कीं सारी भिस्त दुसऱ्यावर.

अखेर १५ आक्टोबर रोजीं सकाळीं टाटा स्वतः कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून निघाले. अहमदाबादेस पेट्रोल घ्यावयाचें होतें. तें आलें चार-चार गॅलनच्या डब्यांतून, आणि तेंहि बैलगाडींतून! आकाशांतून येणाऱ्या टपालानें बैलांच्या चालीवर अवलंबून राहावें, याचें त्या काळीं कोणास फारसें नवलहि वाटलें नसेल. दुपारीं विमान जुहूस उतरलें. पुढचा टप्पा व्हिंटसेंट यांचा. त्यांना रात्र बल्लारीस काढावी लागली, आणि टपाल दुसऱ्या दिवशीं मद्रासेस पोंचलें.

खरी कसोटी पुढच्या पावसाळ्यांत होती. जुहूचें मैदान पुन्हा पाण्याखालीं जाणार हें ठाऊकच होतें. पाण्याशीं झगडण्याऐवजीं कंपनीनें आपलें ठाणेंच पुण्यास हलविलें आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर विमानें उतरूं लागलीं. हा उपाय साधा दिसतो. पण मोजक्या माणसांनिशीं हत्यारें, सुटे भाग आणि इंधन घेऊन घाट चढावयाचा व ठरलेला वार चुकूं द्यावयाचा नाहीं, ही गोष्ट विमान चालविण्याहून कमी अवघड नव्हती.

सरकारच्या नागरी विमानखात्यानें आपल्या अहवालांत या सेवेचा वक्तशीरपणा शंभर टक्के ठरविला. सह्याद्रीवरील ऐन पावसाळ्यांतल्या खेपाहि त्यांत आल्या. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षांत विमानांनीं १,६०,००० मैल कापले आणि सुमारें दहा टन टपाल वाहिलें. त्याच वर्षीं १५५ उतारूहि गेले. टपालाच्या थैल्यांतून उरेल तेवढीच जागा त्यांच्या वांट्यास येई.