थोरल्या मॅक्रिनेचा वारसा

इसवी सन ३७५ च्या सुमारास कप्पदुकिया प्रांतातील कैसरिया नगरीचा बिशप बेसिल हा मोठ्या पेचात सापडला होता. कैसरिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी. ज्याला त्याने वर्षानुवर्षे वडीलधाऱ्याचा मान दिला, तो सेबास्तेचा बिशप युस्टाथियस आता उघड वैरी बनला होता. उत्तरेकडे पोंटस प्रांतात निओकैसरिया हे नगर आहे. तेथे बेसिलचा पिता वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक म्हणून नावाजला होता. त्या नगरातील मंडळीही बेसिलशी फटकून वागू लागली होती. दोहोंकडील आक्षेपांचे तात्पर्य एकच : बेसिलचा विश्वास शुद्ध नाही, तो काही नवेच शिकवितो.

बेसिल हा कैसरिया, कॉन्स्टँटिनोपल आणि अथेन्स अशा तीन विद्याक्षेत्रांत शिकून आलेला पंडित. त्याने मनात आणले असते तर प्रतिपक्षावर आधारवचनांचा वर्षाव केला असता. अन्य प्रसंगी त्याने तो केलाही. परंतु या वादात लिहिलेल्या दोन पत्रांत त्याने जी साक्षीदार उभी केली, ती त्याची आजी होय. निओकैसरियाच्या लोकांस त्याने स्मरण दिले की, तुमच्याच गावची जी मॅक्रिना, तिच्या हाताखाली आपण वाढलो आणि आपल्या विश्वासाला घडण तिनेच दिली. युस्टाथियसविरुद्धच्या पत्रात तो म्हणतो की, ईश्वराविषयीची जी समजूत बालपणी आईकडून व आजीकडून मिळाली तीच आपल्या ठायी वाढत गेली. बीजाचे रोप होताना आकार वाढतो, परंतु जात पालटत नाही.

नव्या करारात 'आजी' हा शब्द एकदाच येतो. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या निष्कपट विश्वासाचा उल्लेख आहे, तेवढाच. लोईस कशी होती, तिने नातवाला काय शिकविले, हे समजण्यास मार्ग नाही. मॅक्रिनेच्या बाबतीत मात्र नातवंडांनी थोडेबहुत सांगून ठेवले आहे.

ती मूळची निओकैसरियाची. मराठी पवित्र शास्त्रात 'पंत' नावाने जो प्रांत येतो, तो हाच पोंटस. आणि निओकैसरिया म्हणजे आजचे निक्सार. तिसऱ्या शतकात या नगराला ग्रेगरी नावाचा बिशप लाभला. तो ओरिजेनचा शिष्य. लोक त्याला पुढे 'अद्भुतकर्ता' म्हणू लागले. तो आला तेव्हा नगरात सतरा ख्रिस्ती होते आणि तो मरण पावला तेव्हा सतराच मूर्तिपूजक उरले होते, अशी आख्यायिका आहे. संख्येचा हा मेळ फारच सोयीचा वाटतो. परंतु त्याच्या शिकवणीची छाप खोल उमटली होती, यात संशय नाही. मॅक्रिनेने प्रत्यक्ष ग्रेगरीच्या मुखातून ती ऐकली, असे बेसिल म्हणत नाही. त्याची वचने अखंड स्मरणाने तिच्यापर्यंत आली, तिने ती जपली आणि नातवंडांच्या स्वाधीन केली, एवढेच तो सांगतो.

हे जपणे सुखासुखी झालेले नाही. ३०३ साली सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला आणि पूर्वेकडे तो कमीअधिक प्रमाणात ३१३ पर्यंत चालला. त्या काळात मॅक्रिना व तिचा पती काही थोड्या सोबत्यांसह पोंटसच्या डोंगरी अरण्यात पळून गेली आणि सुमारे सात वर्षे तेथेच राहिली. ही हकिकत बेसिलचा जिवलग मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याने बेसिलच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात सांगितली आहे. क्षुधित कुटुंबापुढे अरण्यातील हरणे आपण होऊन आली, असेही तो सांगतो. तेथे वक्त्याची प्रतिभा किती आणि घराण्यातील आठवण किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच भाषणातील एक विचार मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. मरण ओढवून घेऊ नये, परंतु ते समोर आल्यास पाठही फिरवू नये, हा त्या काळच्या ख्रिस्ती लोकांचा दंडक होता. या दांपत्याने तो पाळला. पळून जाणे म्हणजे नाकारणे नव्हे. त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली, तरी त्यांनी कबुली मागे घेतली नाही. बेसिलच्या आईकडील आजोबांस तर सम्राटाच्या कोपामुळे प्राणासच मुकावे लागले. मॅक्रिनेच्या पतीचे नाव इतिहासाने राखलेले नाही.

छळ संपला. घराण्याला पुन्हा संपन्नता आली. मुलगा बेसिल, जो थोरला बेसिल म्हणून ओळखला जातो, त्याने एमिलियाशी विवाह केला, आणि आयरिस नदीकाठच्या अनेसी येथील वाडीवर नातवंडांचा गोतावळा जमला. आपण लहानपणी याच परिसरात आजीपाशी वाढलो, असे बेसिलने एका पत्रात लिहिले आहे. सुमारे ३४० मध्ये आजी निवर्तली, तेव्हा तो दहाएक वर्षांचा असावा. एवढ्या वयाच्या मुलाला त्रैक्याची तत्त्वचर्चा कितीशी उमगणार! परंतु सात वर्षे रानात काढलेल्या म्हातारीच्या तोंडून ऐकलेल्या वचनाचे वजन मुलाला कळते.

थोरल्या नातीला आजीचेच नाव ठेवले होते. ही धाकटी मॅक्रिना. बाराव्या वर्षी तिचा वाङ्‌निश्चय झाला, वर अकाली वारला, आणि तिने दुसरे स्थळ पत्करले नाही. आईला बरोबर घेऊन तिने अनेसीच्या घराचा आश्रम केला. तेथे मालकीण व दासी एका पंक्तीला बसू लागल्या. धाकटा भाऊ पीटर याला तिनेच वाढविले. पुढे दुष्काळात त्याच्या तरतुदीमुळे लोकांची एवढी रीघ लागली की, ते निर्जन स्थळ नगरासारखे भासू लागले. अथेन्सहून विद्येचा ताठा घेऊन परतलेल्या बेसिललाही तिनेच वळणावर आणले, असे त्यांचा भाऊ निस्साचा ग्रेगरी लिहितो. पुढे बेसिलने कैसरियाच्या वेशीबाहेर वाटसरू, रोगी व महारोगी यांच्यासाठी जी विस्तीर्ण वसाहत उभारली, तिची ख्याती दूरवर पसरली.

येथे एक गोष्ट खटकते. आजीचे ऋण उघडपणे मान्य करणाऱ्या बेसिलच्या उपलब्ध लेखनात या बहिणीचे नाव कोठेही येत नाही. आजीची साक्ष वादात उपयोगी होती, कारण ती निओकैसरियाच्या लोकांच्या ओळखीची होती. बहिणीच्या साक्षीचे तसे नव्हते, असे कारण संभवते. तरीही उणीव राहतेच, आणि ती निस्साच्या ग्रेगरीने बहिणीचे चरित्र लिहून भरून काढली.

३७९ साली बेसिल गेल्यावर काही महिन्यांनी ग्रेगरी अनेसीस आला, तो बहीण अंथरुणास खिळलेली. जमिनीवर अंथरलेल्या फळीवर ती पडली होती. भावाला शोक आवरेना, तेव्हा तिने बालपणापासूनची कुळकथा क्रमाने सांगण्यास आरंभ केला. बापाकडील आजीआजोबांची मालमत्ता ख्रिस्ताच्या कबुलीपायी जप्त झाल्याचे आणि आईच्या पित्याचा वध झाल्याचे वृत्त ग्रेगरीने तिच्या त्या कथनातच नोंदविले आहे. थोरल्या मॅक्रिनेने स्वतः लिहिलेली एकही ओळ उरलेली नाही. तिचे नाव धारण करणाऱ्या नातीने शेवटच्या दुखण्यात श्वास पुरेल तोवर हे सांगितले, आणि भावाने ते लिहून काढले.