अमरावतीचा कीपर आणि धोनीची विकेट

नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीला खेळायला जाणाऱ्या पोट्ट्यांनो, आजची गोष्ट खास तुमच्यासाठी.

जितेश शर्मा, जन्म अमरावतीचा, १९९३. विदर्भाकडून पहिला वनडे सामना खेळला २०१४ मध्ये. २०१६ ला मुंबई इंडियन्सनं १० लाखांत घेतलं. वाटलं ना, झालं काम? २०१६ गेलं, २०१७ गेलं, आयपीएलचा एकही सामना मिळाला नाही. विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हा फायनलला स्टंपमागे होता अक्षय वाडकर. कीपरचं असंच असतं राव. बॉलर चार-पाच लागतात, कीपर एकच.

मग उजाडला ३ एप्रिल २०२२. मुंबईचं ब्रेबॉर्न, पंजाब किंग्ज विरुद्ध चेन्नई. पंजाबनं त्याला २० लाखांत घेतलेलं. वय २८, आणि आयपीएलमधला पहिलाच सामना! १७ चेंडूंत २६ धावा, ३ षटकार. हे ठीकच.

खरी मजा पुढं. समोर बॅटिंगला धोनी, म्हणजे ज्याच्याकडं पाहून अख्ख्या पिढीनं ग्लोव्हज घातले तो. राहुल चहरचा चेंडू लेगबाहेरून गेला, अंपायरनं वाइड दिला. जितेश मात्र अडून बसला: बॅट लागली! पहिल्याच सामन्यातल्या पोराचं कोण ऐकतं? कॅप्टन मयंक अगरवालनं ऐकलं, रिव्ह्यू घेतला. अल्ट्राएजवर रेघ हलली. धोनी २३ वर बाद, झेल जितेश शर्मा. चेन्नई १२६ वर गुंडाळली, पंजाब ५४ धावांनी जिंकलं.