छेदातली बाळं

१९२१ साली मुंबईचा अर्भक मृत्युदर हजारी सहाशेंच्या वर होता. शहरात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून जास्त तान्ही बाळं वर्षाच्या आत गेली, असा त्याचा अर्थ. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांपुरता हिशेब केला तर आकडा आठशेंपलीकडे जात होता. गिरणगावातल्या चाळींची दशा वाईट होती यात वाद नाही. अंधारी खोली, दहा तास कामावर असलेली आई, आणि ती परत येईपर्यंत मूल झोपून राहावं म्हणून दिलेली अफूची बाळगोळी. तरीही हा आकडा शब्दशः खरा असता तर चाळीत रांगतं पोर दिसणं दुर्मीळ झालं असतं.

गोम छेदात होती. गिरणगावातली बाई बाळंतपणाला माहेरी जायची, कोकणात नाहीतर घाटावर. जन्माची नोंद झालीच तर तिकडच्या गावच्या वहीत व्हायची. बाळंतीण काही महिन्यांनी बाळाला घेऊन मुंबईला परतायची, आणि ते दगावलं तर मृत्यू मात्र मुंबईच्या दप्तरात चढायचा. स्मशानात किंवा दफनभूमीत मृत्यूची नोंद होत असे, त्यामुळे तो सहसा सुटत नसे. जन्माच्या वाटेवर असा नाका नव्हता. अंशात मुंबईची सगळी बाळं आणि छेदात त्यातली काहीच, अशा भागाकाराने निघालेला हा दर होता. चाळींमधला खरा मृत्युदर भयंकरच होता, पण किती भयंकर हे त्या आकड्यावरून कळत नाही.

अर्भक मृत्युदराचा माग काढत मागे गेलं की मृत्यूंपेक्षा जन्मच जास्त छळतात. लंडनमध्ये सतराव्या शतकात दर आठवड्याला मृत्यूंचे तक्ते छापले जात. प्रेत पाहून मरणाचं कारण ठरवायला प्रत्येक पॅरिशमध्ये म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. पेलाभर दारू आणि चार पैसे हाती पडले की कारण बदलतं, अशी तक्रार जॉन ग्राँटनेच करून ठेवली आहे. हा ग्राँट धंद्याने दुकानदार, सुया-बटणं-फितीवाला. १६६२ साली त्याने या तक्त्यांवर पुस्तक लिहिलं. तक्त्यात मेलेल्याचं वय नसायचं. मग ग्राँटने कारणांवरून वय ताडलं: आकडी, मुडदूस, दात येताना झालेला मृत्यू, अंगाखाली चिरडलेलं मूल, ही सगळी लहान मुलांची मरणं. त्यांत देवी-गोवराचे निम्मे मृत्यू मिळवून त्याने अंदाज बांधला, की जन्मणाऱ्या शंभरांतली छत्तीस मुलं सहा वर्षांची होण्याआधीच मरतात. हातात जवळजवळ काही नसताना केलेलं हे काम पाहिलं की त्या दुकानदाराचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. पण जन्मांच्या बाजूला त्याच्याकडे फक्त चर्चमधले बाप्तिस्मे होते. बाप्तिस्म्याआधी गेलेलं किंवा वेगळ्या पंथाच्या घरचं मूल त्यात नव्हतं.

इंग्लंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८३७ साली सुरू झाली. पुढे विल्यम फार तिथे आकडे लावायला आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना सुरू झाली. निरोगी खेडी एकीकडे, लिव्हरपूल दुसरीकडे. पण जन्म न नोंदवल्यास दंडाची खरी तरतूद १८७४ च्या कायद्याने आली. वर्षाच्या आतले मृत्यू भागिले त्याच वर्षातले जन्म, गुणिले हजार, हे आजचं सूत्र रुळलं ते त्याच दशकात. यातही एक लबाडी आहेच. डिसेंबरात जन्मून जानेवारीत गेलेलं बाळ एका वर्षाच्या छेदात आणि दुसऱ्या वर्षाच्या अंशात जातं. जन्मसंख्या स्थिर असेल तर फरक पडत नाही. साथीनंतर जन्म घटले की पडतो.

आकडा बनला म्हणून लगेच कोणी हलत नाही. विसावं शतक उजाडताना इंग्लंडचा दर दीडशेंच्या घरात होता. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेली पोरं किडकिडीत निघाली, तेव्हा साम्राज्याला बाळांची काळजी वाटू लागली. हडर्सफिल्डचा महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट याने आपल्या कारकिर्दीत लाँगवूड भागात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिल्या वाढदिवशी एक पौंड देण्याचं वचन दिलं. पौंडापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की वचन पाळायचं तर बाळ जन्मल्याचं लगेच कळायला हवं. १९०७ चा जन्म-सूचना कायदा याच वाटेवरचा.

आकडा लाजिरवाणा झाला की लपवताही येतो. सोव्हिएत संघात अठ्ठावीस आठवड्यांआधी जन्मून सात दिवसांत मेलेलं बाळ जन्मलेलंच धरत नसत. तरीही १९७० नंतर दर चढू लागला, तेव्हा त्यांनी तो छापणंच काही वर्षं बंद केलं.

आपल्याकडे जन्म-मृत्यूची गावपातळीवरची वही म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या बोलण्यातलं कोतवाल बुक. ती आता जातीच्या दाखल्यांसाठी उलटून उलटून पाहिली जाते आणि तिच्यात कुणबी नोंदी शोधल्या जातात. पण मृत्युदर काढायला अशा वह्या पुरेशा नव्हत्या. म्हणून १९६० च्या दशकात नमुना नोंदणी पद्धत आली. निवडलेल्या गावात आणि वस्तीत एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस पहिल्याची वही न बघता घरोघर विचारतो. मग दोन याद्या शेजारी ठेवून जुळवतात, आणि जे जुळत नाही त्यासाठी पुन्हा त्या दारात जातात. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला सापडावं, एवढीच त्यातली युक्ती. १९७१ साली देशाचा दर १२९ निघाला. २०२० साली तो २८ होता, महाराष्ट्राचा १६.

राज्याची सरासरी मेळघाट-गडचिरोलीबद्दल काही सांगत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत आधी मोजायला सुरुवात केली. गावात मूल जन्मलं की ते वहीत आलंच पाहिजे, त्याचं नाव ठेवलं असो वा नसो. अशी मोजणी राज्यातल्या इतर संस्थांबरोबर केल्यावर ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला आणि सरकारी नोंदीतून किती बालमृत्यू निसटतात ते चव्हाट्यावर आलं. प्रामाणिकपणे मोजलं की दर आधी वाढतो. तो अंगावर घ्यायला कोणतंही खातं सहसा तयार नसतं, म्हणून दरवर्षी पावसाळ्यात मेळघाटच्या आकड्यांवरून तेच भांडण होतं.

‘सर्च’ने एकोणचाळीस गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं, ऊब राखणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. अर्भक मृत्युदर ७५ च्या आसपास होता, तो तिसऱ्या वर्षी ३९ च्या आसपास आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशाताईंच्या कामात घरोघरच्या भेटी आल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा वेळा जायचं, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. घरी जन्मलेल्याकडे सात वेळा, कारण तिथे पहिली भेट जन्माच्याच दिवशी.