चलावरचा पहारेकरी

‘चल’ म्हणजे जिची किंमत बदलू शकते ती राशी, हे आपण शाळेत शिकतो. पण ती बदलली, हे प्रोग्रामला कळायचे कसे? जावास्क्रिप्टमध्ये यासाठी ‘ऑब्जेक्ट.ऑब्झर्व्ह’ हा पहारेकरी आला. २०१४ साली क्रोम ब्राउझरने त्याला जागा दिली. ऑब्जेक्टमधली किंमत बदलली की तो मागाहून वर्दी देई.

दरम्यान, फेसबुकने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या ‘रिअ‍ॅक्ट’ने वेगळी रीत रुजवली: पहारा नको, बदल करणाऱ्यानेच तसे कळवावे. नोव्हेंबर २०१५ मध्ये ऑब्झर्व्हचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

त्याच वर्षीच्या प्रमाणात आलेला ‘प्रॉक्सी’ मात्र आजही आहे. तो दारातच उभा असतो. नवी किंमत आत जाण्याआधी तपासतो, गरज पडल्यास अडवतो. घडून गेल्यावर वर्दी देणे आणि घडण्याआधी विचारणे, यात फरक आहेच.