मूकपटांतील डोळे व ओठांची रंगभूषा

मूकपटांतील डोळे व ओठांची रंगभूषा म्हणजे १८९५ ते १९२९ या सुमाराच्या कृष्णधवल, ध्वनिरहित चित्रपटांसाठी नटनटींचे डोळे, पापण्या, भुवया व ओठ रंगविण्याची पद्धती होय. काजळाने वेढलेले खोल डोळे आणि मध्यभागी दाट रंगविलेले लहान, धनुष्याकृती ओठ ही तिची ओळख मानली जाते. ही रूपे पुढे सर्वसामान्यांच्या प्रसाधनात शिरल्यामुळे ती केवळ त्या काळच्या फॅशनचा भाग होती असे समजले जाते. वस्तुतः त्यांपैकी अनेकांचा उगम फिल्मच्या रासायनिक मर्यादांत आणि चित्रीकरणाच्या दिव्यांत आहे. तत्कालीन फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे रंगभूषा करणाऱ्यास आरशातील चेहऱ्यापेक्षा पडद्यावर उमटणाऱ्या करड्या छटांचा विचार करून रंग व आकार निवडावे लागत. संवाद ऐकू येत नसल्याने भावना पोहोचविण्याचा भारही मुख्यतः डोळ्यांवर व ओठांवरच होता.

फिल्मची रंगदृष्टी

छायाचित्रणाच्या काचा व फिल्म यांवरील चांदीच्या क्षारांचा थर मुळात निळ्या, जांभळ्या व अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देतो. या थरात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळल्यास तो इतर रंगांनाही संवेदनशील होतो, हा शोध जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल यांनी १८७३ मध्ये लावला. त्यातून हिरव्या व काही प्रमाणात पिवळ्या प्रकाशाची नोंद घेणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तयार झाली. तांबडा प्रकाश मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहिला. मूकपटांच्या बहुतेक काळात हीच फिल्म वापरात होती.

याचे परिणाम चेहऱ्यावर ठळकपणे दिसत. लाल ओठ काळे उमटत. गालांवरील नैसर्गिक लाली, तांबूस डाग व वांग मळकट दिसत. याउलट निळे डोळे इतके फिकट येत की बुबुळ व पांढरा भाग यांतील भेद पुसट होई. तपकिरी व काळे डोळे मात्र स्पष्ट उमटत. डोळ्यांभोवती लालसर किंवा तपकिरी छटा दिल्यास ती पडद्यावर खोल सावलीसारखी दिसे, तर निळसर छटा उजळ दिसे. प्रत्यक्षात सौम्य वाटणारा रंग पडद्यावर उग्र आणि प्रत्यक्षात विचित्र वाटणारा रंग पडद्यावर सुसह्य ठरू शके. म्हणून रंग लावणे, चित्रीकरण करून पाहणे आणि पुन्हा रंग बदलणे हा या कामाचा नित्यक्रम झाला.

लेप व साहित्य

आरंभीच्या नटांनी रंगभूमीवरील साहित्यच कॅमेऱ्यासमोर आणले. जर्मन गायक-नट लुडविग लाइखनर यांनी प्रसिद्धीस आणलेल्या तेलकट रंगकांड्या युरोप-अमेरिकेतील रंगभूमीवर सर्रास वापरल्या जात. दूर बसलेल्या प्रेक्षकासाठी त्यांचा जाड थर योग्य होता. चित्रपटातील समीपदृश्यात मात्र तो भेगाळलेला दिसे, आणि चेहऱ्याची हालचाल होताच भेगा वाढत.

या अडचणीवर उपाय शोधणाऱ्यांत मॅक्स फॅक्टर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पोलंडमध्ये जन्मलेल्या फॅक्टर यांनी रशियातील शाही रंगभूमीसाठी काम केले होते. १९०४ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झाले. १९१४ मध्ये त्यांनी पातळ व लवचीक असा मलमासारखा लेप खास चित्रपटांसाठी तयार केला. तो अनेक छटांत उपलब्ध असल्याने नटाच्या त्वचेप्रमाणे निवड करणे शक्य झाले. चेहरा एकसारखा व गुळगुळीत दिसू लागल्यावर त्यावरील डोळे व ओठ यांची रेखा अधिक काटेकोर असण्याची गरज भासू लागली.

ओठांचा आकार

मूकपटकालीन ओठांचा सर्वपरिचित आकार ‘कामदेवाचे धनुष्य’ या नावाने ओळखला जातो. वरच्या ओठावर दोन ठळक उंचवटे, खाली एक लहान गोलाई आणि दोन्ही कोपरे रंगाविना सोडलेले, असे त्याचे स्वरूप असते. या आकारामागे एक व्यावहारिक कारण सांगितले जाते. दिव्यांच्या उष्णतेने ओठांवरील तेलकट रंग वितळून कोपऱ्यांतून बाहेर पसरे. ते टाळण्यासाठी फॅक्टर यांनी कोपरे मोकळे ठेवून ओठांचा मधला भागच रंगविण्यास सुरुवात केली. बोटावर रंग घेऊन वरच्या ओठावर अंगठ्याचे दोन ठसे आणि खालच्या ओठावर एक ठसा उमटवायचा, मग बारीक कुंचल्याने कडा रेखायच्या, अशी ती रीत होती.

एकाच मूळ कल्पनेतून वेगवेगळ्या अभिनेत्रींसाठी वेगळे आकार निघाले. मे मरी हिचे ओठ मधमाशी चावल्यासारखे फुगीर व अरुंद दिसत, म्हणून त्यांना तशाच अर्थाचे नाव पडले. क्लारा बो हिच्या ओठांचे दोन उंचवटे टोकदार असत आणि १९२० च्या दशकातील मुक्त वृत्तीच्या तरुणीची ती खूणच बनली. पुढे बोलपटांच्या काळात जोन क्रॉफर्ड हिच्यासाठी याच्या नेमका उलट प्रयोग झाला. तिच्या ओठांना नैसर्गिक कडेबाहेर रुंद, भरघोस रेषेत रंगविण्यात आले. एकाच अवयवाचा आकार केवळ रेषेच्या जागेने लहान किंवा मोठा, नाजूक किंवा करारी भासविता येतो, याची ही दोन टोके होत.

रंगाच्या बाबतीत मात्र पर्याय मर्यादित होते. शुद्ध तांबडा रंग काळ्या डागासारखा उमटत असल्याने ओठांसाठी तांबड्याचे प्रमाण कमी असलेल्या छटा सोयीच्या ठरत. पडद्यावरचे गडद ओठ पाहून प्रेक्षक त्यांची कल्पना लाल अशीच करीत. प्रत्यक्षात कोणता रंग लावला होता, हे कृष्णधवल चित्रावरून ओळखता येत नसे.

डोळे व पापण्या

डोळ्यांच्या रंगभूषेत गडद कडा हा मुख्य घटक होता. अमेरिकन अभिनेत्री थीडा बारा हिने ‘अ फूल देअर वॉज’ (१९१५) व ‘क्लिओपात्रा’ (१९१७) या चित्रपटांत डोळ्यांभोवती काजळाची रुंद वलये मिरविली. पुरुषांना भुरळ घालून उद्ध्वस्त करणाऱ्या नायिकेची प्रतिमा या डोळ्यांशी जोडली गेली. विनोदी नटांनी याच साधनाचा वेगळा उपयोग केला. चार्ली चॅप्लिन यांच्या पांढरट चेहऱ्यावरील काळ्या कडांचे डोळे, भुवया व मिशी दूरच्या दृश्यातही सूक्ष्म भाव पोहोचवीत.

कृत्रिम पापण्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘इन्टॉलरन्स’ (१९१६) या चित्रपटात झाला. सीना ओवेन हिच्या पापण्या गालांना स्पर्श करतील इतक्या लांब असाव्यात, अशी दिग्दर्शकाची इच्छा होती. टोप तयार करणाऱ्या कारागिराने तलम जाळीत मानवी केस विणून त्या बनविल्या व गोंदाने चिकटविल्या. त्यामुळे तिचे डोळे सुजले होते, असे अभिनेत्री लिलियन गिश हिने आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

पडद्यावरील दाट पापण्यांचे आकर्षण बाजारातही उतरले. शिकागो येथे टी. एल. विल्यम्स यांनी १९१५ मध्ये पापण्यांच्या प्रसाधनाचा व्यवसाय सुरू केला. त्यांची बहीण मेबल पेट्रोलियम जेलीत कोळशाची पूड मिसळून पापण्यांना लावीत असे, त्यावरून ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. ‘मेबलीन’ हे नाव तिच्याच नावावरून आले. कंपनीने १९१७ मध्ये ओल्या कुंचल्याने लावावयाची वडीच्या स्वरूपातील मस्कारा बाजारात आणली.

भय व विरूपतेचे प्रयोग

सौंदर्याबरोबरच भय, वेडेपणा व वेदना दाखविण्यासाठीही डोळे व ओठ यांच्या आकारात बदल केले गेले. रोबेर्ट व्हीने दिग्दर्शित ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ (१९२०) या जर्मन चित्रपटात नेपथ्यावर सावल्या प्रत्यक्ष रंगविल्या होत्या. झोपेत चालणाऱ्या सेझारेची भूमिका करणाऱ्या कोनराड फाइट यांच्या डोळ्यांखालील काळे कोनाकृती पट्टे आणि काळे ओठ त्याच शैलीत रेखाटलेले होते. येथे चेहरा नेपथ्याचाच एक भाग बनतो. अभिव्यक्तिवादी चित्रपटाचे हे वैशिष्ट्य मानले जाते.

अमेरिकन नट लॉन चेनी आपली रंगभूषा स्वतःच करीत. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ (१९२५) मध्ये त्यांनी डोळ्यांच्या खोबणी गडद रंगवून चेहऱ्यास कवटीचे रूप दिले. चेनी यांचे आईवडील मूकबधिर होते आणि शब्दांवाचून संवाद साधण्याचा सराव त्यांना बालपणापासून होता. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९२९ च्या आवृत्तीतील रंगभूषेवरील लेखन त्यांच्याकडे सोपविण्यात आले होते. नटाच्या या कसबाला ज्ञानशाखेची प्रतिष्ठा मिळाल्याचे ते द्योतक होय.

भारतीय मूकपट

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटासाठी स्त्री कलाकार मिळू शकली नाही. उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांनी तारामतीची भूमिका केली. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये त्यांनीच राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. पुरुषाच्या चेहऱ्यातून स्त्री आणि एकाच चेहऱ्यातून दोन व्यक्तिरेखा उभ्या करताना वेशभूषेइतकाच डोळे, भुवया व ओठ यांच्या रेषांचा आधार महत्त्वाचा होता. मराठी रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा असल्याने हे कसब महाराष्ट्रास नवे नव्हते. कॅमेऱ्याचे जवळून पाहणे तेवढे नवे होते.

ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर गव्हाळ व सावळी त्वचाही प्रत्यक्षाहून गडद उमटते. काजळ मात्र कोणत्याही फिल्मवर काळेच दिसते आणि काळे-तपकिरी डोळे ठळक येतात. या दृष्टीने निळ्या डोळ्यांच्या पाश्चात्त्य नटांस भेडसावणारी अडचण भारतीय नटांस नव्हती. १९२० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या सुलोचना (मूळ नाव रूबी मायर्स) यांच्या छायाचित्रांत धनुष्याकृती ओठ व काजळरेखा एकत्र आढळतात. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) या मूकपटात त्यांनी आठ वेगवेगळी रूपे साकारली होती.

आरोग्यास धोके

बंदिस्त स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या कार्बन चापदीपांतून अतिनील किरण बाहेर पडत. त्यांपासून संरक्षण नसल्यास काही तासांनी डोळे लाल होणे, पाणी वाहणे व तीव्र वेदना होणे असा त्रास होई. दिव्यांच्या एका प्रचलित प्रकाराच्या नावावरून त्यास ‘क्लीग डोळे’ म्हणत. लाल झालेले डोळे फिल्मवर मळकट दिसत असल्याने चित्रीकरणही थांबवावे लागे.

प्रसाधनांवर त्या वेळी पुरेसे नियंत्रण नव्हते. अमेरिकेत १९३३ मध्ये ‘लॅश लूर’ हा पापण्या व भुवयांचा रंग वापरल्यामुळे काही स्त्रियांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाली व अंधत्वही आले. त्यात पॅरा-फेनिलिनडायअमाइन या वर्गातील रंगद्रव्य होते. तत्कालीन कायद्यात प्रसाधनांचा समावेश नसल्याने शासनास हे उत्पादन रोखता येत नव्हते. अशा घटनांमुळे निर्माण झालेल्या जनमताच्या दबावातून १९३८ चा अन्न, औषध व प्रसाधन कायदा संमत झाला आणि प्रसाधने प्रथमच अमेरिकन संघराज्य शासनाच्या देखरेखीखाली आली. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीच्या नियमांनुसार रंगासाठी शिसे वा आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे.

पॅनक्रोमॅटिक फिल्म व पद्धतीचा अस्त

तांबड्यासह सर्व दृश्य रंगांची नोंद घेणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. त्याच सुमारास बोलपट आले. चापदीपांचा गुंजारव ध्वनिमुद्रणात अडथळा आणीत असल्याने तारेचे तापदीप वापरात आले आणि त्यांच्या प्रकाशात तांबड्याचे प्रमाण अधिक होते. या दोन्ही बदलांमुळे जुन्या छटा एकाएकी निरुपयोगी ठरल्या. १९२८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत नवे दिवे व नवी फिल्म यांच्या विस्तृत चाचण्या झाल्या. त्यांतून फॅक्टर यांनी पॅनक्रोमॅटिक रंगभूषा सिद्ध केली. आता ओठांचा लाल रंग काळा न होता मध्यम करडा दिसू लागला, आणि डोळ्यांभोवतीच्या रुंद वलयांची जागा पापणीलगतच्या बारीक रेषेने घेतली.

नव्या फिल्मने रंगभूषेविना चित्रीकरणही शक्य केले. कार्ल थिओडोर ड्रायर यांच्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) या मूकपटात रने फाल्कोनेती हिचा चेहरा कोणताही लेप न लावता दाखविला आहे. त्वचेचे बारकावे, अश्रू व कोरडे ओठ हेच तेथे अभिनयाचे साधन ठरले.

गैरसमज

मूकपटांतील रंगभूषा भडक व ओबडधोबड होती, असा समज रूढ आहे. तो काही अंशी उपलब्ध प्रतींमुळे निर्माण झाला आहे. अनेक मूकपट आज मूळ निगेटिव्हपासून नव्हे, तर प्रतीवरून काढलेल्या प्रतींच्या रूपात पाहावयास मिळतात. प्रत्येक नकलेगणिक मधल्या करड्या छटा नाहीशा होतात. पांढरे अधिक पांढरे व काळे अधिक काळे होते, आणि सौम्य छायाही काजळाच्या थरासारखी दिसू लागते. चांगल्या स्थितीतील मूळ प्रतींत ही रंगभूषा पुष्कळ मृदू आढळते.

प्रभाव

धनुष्याकृती ओठ, काजळी वलये व लांब कृत्रिम पापण्या या तिन्ही गोष्टी त्यांचे तांत्रिक कारण संपल्यावरही टिकून राहिल्या. धूसर कडांच्या गडद डोळ्यांची आजची शैली मूकपटकालीन डोळ्यांशी नाते सांगते. १९२० च्या दशकावरील नाटके व चित्रपट त्या काळाची ओळख पटविण्यासाठी आजही प्रथम ओठांच्या याच आकाराचा आधार घेतात.